व्हरांड्यातल्या बाई

“आधी सगळ्यांची तोंडं बंद करायची, मग देवाचं नाव घ्यायचं. हा क्रम कधी चुकवायचा नाही.”

जुन्या पाळकसाहेबांचा तो खर्जातला आवाज लिंकताईच्या कानात अजून जसाच्या तसा बसलेला होता. साथीच्या दिवसांत चर्चला कुलूप लागलं, तेव्हा त्यांनी व्हिडिओवरच्या बैठकांसाठी एक खातं काढलं. नदीकडची, टेकडीवरची आणि बाजारातली अशा तिन्ही मंडळ्यांत मिळून एकच. त्याची सूत्रं तिच्या हाती देताना त्यांनी हे सांगितलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. बारीक काम आणि शांत स्वभाव, एवढं त्यांना पुरेसं वाटलं. पुढे साथ ओसरली, पाळकसाहेब निवृत्त होऊन परगावी गेले, चर्चची दारं उघडली. पण म्हातारी, आजारी आणि लांब राहणारी माणसं स्क्रीनवरच राहिली, आणि दर बैठकीची लिंक त्यांना पाठवणारी ती लिंकताईच झाली; तिचं खरं नाव लोक विसरले ते विसरलेच.

एका खात्यावर एका वेळी एकच बैठक चालायची. दुसऱ्या कुणी सुरू केली की पहिली धाडकन बंद. टेकडीवरच्यांचा गाण्याचा सराव लांबला की नदीकडच्यांच्या उपासनेवर गदा यायची. मग दोन्हीकडचे सेक्रेटरी तिला फोन करून एकमेकांचा उद्धार करायचे. तोंड बंद करायचं बटण फोनवरच्या माणसांसाठीही हवं होतं, असं तिला तेव्हा वाटायचं. बोलायची मात्र नाही. तिचे दोन नेम होते. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा पहिला. दिवसभरात कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, हा दुसरा. पहिला सोपा होता. दुसरा तिन्ही मंडळ्यांच्या कृपेने रोज घशाशी यायचा.

कारण स्क्रीनवरच्या चौकटींत तिने काय काय पाहिलं होतं. कमिटीतले एक काका पापकबुली चालू असताना पायाची नखं कापायचे, आणि कापलेलं नख टिचकी मारून कॅमेऱ्याच्या दिशेने उडवायचे. एक प्राध्यापक करंगळी नाकात घालून उपदेश ऐकायचे, आणि मग त्या करंगळीचं काय करायचे ते तिला कुणालाही सांगवलं नसतं. एका घरातून नेमकी शांत प्रार्थनेच्या वेळी संडासात पाणी सोडल्याचा आवाज यायचा. ती निमूटपणे आवाज बंद करायची. फारच झालं तर काकांना नंतर फोन करून म्हणायची, “काका, कॅमेरा जरा वर करता का? तुमचा चेहरा दिसत नाही आम्हाला.” बाहेर मात्र कुणालाच ठेवलं नव्हतं तिने.

बाहेर ठेवायची सोय होती. बैठकीला येणारा माणूस एकदम आत यायचा नाही. आधी त्याच्या स्क्रीनवर अक्षरं यायची, ‘कृपया थांबा. यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.’ या जागेला सगळेच व्हरांडा म्हणायचे. व्हरांड्यात कोण कोण उभं आहे त्यांची नावं यजमानाला दिसायची. नावावर बोट ठेवलं की माणूस आत. बस डेपोत मेकॅनिक असलेला तिचा नवरा, हे खातं हाती आल्यापासून, तिला यजमानबाई म्हणायचा. “यजमानबाई, आम्हाला जेवायला आत घेताय, की व्हरांड्यातच वाढताय?”

नदीकडच्या मंडळीत ती गाणाऱ्यांत होती. त्यामुळे रविवारी बैठक सुरू करून ती पुढे गायला जायची, आणि मागच्या टेबलापाशी लॅपटॉपसमोर तिथले सेक्रेटरी बसायचे. फर्निचरचं दुकान होतं त्यांचं. परीटघडीचे कपडे, हाताला सतत सॅनिटायझरचा वास. व्हरांड्यातल्यांना आत घ्यायचं काम ते करायचे.

एक दिवस मोठ्या बाईंची सून दुकानात आली. रविवारच्या शाळेच्या मोठ्या बाई. अर्धी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली होती. लिंकताई गेली होती, सेक्रेटरीही गेले होते. बाईंच्या जबड्याला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या घरीच होत्या. सुनेच्या हातात त्यांचा चष्मा होता.

“डावी दांडी काढता येईल का, ताई? गालावरच्या पट्टीत रुतते.”

लिंकताईने स्क्रू काढला, दांडी बाजूला ठेवली आणि बिजागरीत मऊ दोरी ओवायला घेतली. “ही डोक्यामागून बांधायची. कशा आहेत बाई?”

“आहेत. डॉक्टर आता फक्त दुखू नये म्हणून औषध देतात.” सून जरा घुटमळली. “एक विचारू? तुमचं चर्चचं नेट आमच्याच घरी का चालत नाही?”

“चालत नाही म्हणजे?”

“आईंना आत घेतच नाही. कृपया थांबा, कृपया थांबा, पूर्ण उपासनाभर तेच. मी फोन बदलून पाहिला. नेटवाल्याला बोलावलं, त्याने गच्चीवरून नवीन वायर ओढली. भाच्याशी बोलणं होतं, सिरियली दिसतात. चर्च तेवढं दिसत नाही.”

“कधीपासून?”

“घरी आल्या त्या पहिल्या रविवारी घेतलं होतं. मग नाहीच. मी म्हटलं तुम्हाला सांगू, तर आई म्हणतात, तिच्यामागे काय कमी व्याप आहेत, माझंच बटण चुकत असेल.”

लिंकताईने दोरी ओवून गाठ मारली. बाई स्क्रीनवर नसतात म्हणून तिने मागे सेक्रेटरींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, त्यांना झेपत नाही आता. तिला ते खरं वाटलं होतं.

“या रविवारी मीच घरी येते,” ती म्हणाली. “बघू काय होतंय.”

रविवारी तिने चर्चमध्ये बैठक सुरू करून दिली, गाणाऱ्यांना आज मी नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर पडली. बाईंचं घर मागच्याच रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या शेवटच्या वळणावरच वास आला. औषधाचा, फिनाइलचा, आणि त्या दोन्हींच्या खालून एक गोडसर, कुजका वास, फडताळात विसरलेल्या फळासारखा. खोलीत पाऊल टाकलं तसा तो जिभेवर बसला. पलंगाला लागून संडासाची खुर्ची होती, तिच्यावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला. पलंगावर बाई बसल्या होत्या. खालचा अर्धा चेहरा जागेवर नव्हता. पट्टीच्या कडेने लाळ पाझरून छातीवरच्या रुमालात जिरत होती. लिंकताईने मनात देवाचं नाव घेतलं आणि बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे तेच होते, गृहपाठ तपासणारे.

बाईंनी इस्त्रीचे कपडे घातले होते, केस चापून बांधले होते. समोर उपड्या पातेल्याला टेकवून फोन उभा केला होता. ‘कृपया थांबा. यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.’

बाईंनी फोनकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द ओले, मोडके येत होते. ओठांना लागणारी अक्षरं गळूनच गेलेली.

“त्या म्हणतात,” सून हसून म्हणाली, “यजमान फार कामात दिसतात.”

बाईंचे डोळेही हसले. लिंकताईला हसता आलं नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उशीवरची पाठ सोडवून ताठ झाल्या. “गी...त,” त्या म्हणाल्या. हे लिंकताईलाही कळलं. पहिलं गीत चाललं असणार, मंडळी उभी असणार, म्हणून बाई बसल्या जागी उभ्या राहिल्या होत्या. थोड्या वेळाने त्या पुन्हा टेकल्या. मग मान खाली घालून डोळे मिटले. पापकबुली. मग पुन्हा ताठ. दुसरं गीत. बोटं पांघरुणावर ताल धरत होती. समोर ती दोन वाक्यं आणि एक गोल फिरणारं वर्तुळ, आणि त्या वर्तुळासमोर बाई संपूर्ण उपासना करत होत्या, एकही भाग न गाळता.

“दर रविवारी असंच असतं,” सून हळूच म्हणाली. “मधे कुणी बोललेलं चालत नाही.”

लिंकताईने आपला फोन काढला, बाईंना दिसणार नाही असा धरला आणि लिंकवर बोट ठेवलं. बोट उचलायच्या आत ती आत होती. चौकटीच चौकटी. प्राध्यापक. नखंवाले काका, आज पाय मांडीवर घेतलेला. तिने सेक्रेटरींना निरोप पाठवला. मोठ्या बाई व्हरांड्यात आहेत, आत घ्या. निरोप वाचल्याची खूण निळी झाली. ती वाट पाहत राहिली. तेवढ्यात एक नवीन चौकट उघडली. नावाच्या जागी नुसतं फोनच्या कंपनीचं नाव, आणि चित्रात छताचा पंखा. कोण होतं देव जाणे. पंखा आत आला. बाई आल्या नाहीत.

तिने फोन पालथा घातला. खोलीत शिरताना जी किळस आली होती ती नाकातून आली होती, आणि दहा वेळा श्वास घेतल्यावर नाक सरावलंही होतं. ही दुसरी छातीच्या हाडामागून वर येत होती आणि सरावायचं नाव घेत नव्हती.

आशीर्वादाची वेळ झाली तशी बाईंनी मान लववली. त्यांचं झाल्यावर सुनेने पट्टी बदलायला घेतली. “ताई, एवढा ट्रे धरता?” लिंकताईने धरला. तिने काही मुद्दाम पाहिलं नाही आणि नजरही वळवली नाही. बाई तिच्याकडे बघत होत्या, मूल घाबरलंय का ते बघावं तसं.

नवी पट्टी बसल्यावर बाई बोलू लागल्या. एकेक शब्द, मधे थांबून, लाळ टिपून.

“पुढच्या रविवारी प्रभुभोजन. तिन्ही मंडळ्या एकत्र.”

“हो बाई.”

“मला गिळता येत नाही. भाकर मोडताना बघायचंय.” मग छातीवरचा रुमाल सारखा करून, “त्याच्या पुढचं प्रभुभोजन मला मिळणार नाही.”

सून ट्रे घेऊन आत निघून गेली.

“पुढच्या रविवारी तुम्ही आत असाल, बाई,” लिंकताई म्हणाली. “माझा शब्द.”

“बटण...”

“बटण तुमचं बरोबर आहे.”

बुधवारी सेक्रेटरींनी तिला आपल्या फर्निचरच्या दुकानात बोलावलं. नवे पाळकही तिथे होते. तरुण, गोड बोलणारे, गालावर खळी पडणारे. प्लास्टिकचं आवरण न काढलेल्या सोफ्यावर तिघं बसली. चहा आला, बिस्किटं आली. सेक्रेटरींनी हाताला सॅनिटायझर चोळलं.

“ताई, तुम्ही हळव्या आहात, म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या पहिल्या रविवारी तुम्ही पुढे गात होतात, तुम्ही पाहिलं नाही. पट्टी सुटली होती हो त्यांची. अख्ख्या स्क्रीनवर. मला किती फोन आले. एका बहिणीचा नाश्ता बाहेर आला. मुलं रडली. बाहेरच्या मंडळ्यांतले पाहुणे बघत असतात आपली उपासना. काय वाटेल त्यांना?”

“एका बटणाने त्यांचा कॅमेरा बंद करता येतो. इथूनच. त्यांना ऐकू येईल, दिसेल.”

“मग त्या विचारणार, मी दिसते का?” सेक्रेटरींनी बिस्किट चहात बुडवलं. “आणि नाव राहतंच ना चौकटीत. नाव वाचलं की लोकांना ते तोंड आठवतं.”

“म्हणून नावही नको.”

“तसं नाही हो. आम्ही बाईंचा मानच राखतोय. मलाही शिकवलंय त्यांनी. लोकांच्या मनात त्या पूर्वीसारख्याच राहाव्यात.” बिस्किट तोंडात गेलं. पुढचं बोलणं त्याच्याभोवतीनेच बाहेर आलं. “आणि आपण काही त्यांना नको म्हटलेलं नाही. व्हरांड्यात असतातच त्या. त्यांना वाटतं नेट खराब आहे. कुणाचं मन दुखत नाही.”

बोलताना त्यांच्या दातांवर बिस्किटाचा पिवळा लगदा दिसत होता. जिभेने तो त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात सारला. लिंकताईने कप खाली ठेवला.

“नखं कापणाऱ्या काकांना आत घेता तुम्ही,” ती म्हणाली.

सेक्रेटरी हसले. “ते कमिटीत आहेत, ताई.”

पाळकही हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले. “आम्ही रोज प्रार्थना करतो बाईंसाठी. रोज.”

“तुम्ही जाऊन आलात का त्यांच्याकडे?”

“जाणारच आहे.” त्यांनी कपात पाहिलं. “खरं सांगू का, मला जखमा वगैरे बघवत नाहीत. लहानपणापासूनच. चक्कर येते. आणि त्यांना गिळता येत नाही असं कळलं. मग प्रभुभोजन घेऊन जायचं तरी कसं?”

“मी त्यांना शब्द दिलाय. या रविवारी आत असाल म्हणून.”

“कशाला दिलात?” सेक्रेटरी कळवळ्याने म्हणाले. “आता असं करा, सांगा की ऐन वेळी नेट गेलं. तुमच्या तोंडून त्यांना पटेल.”

तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला, पण पुरती खात्री वाटली नसावी. लॅपटॉप पुढे ओढून ते म्हणाले, “आणि इतकी वर्षं सेवा केलीत तुम्ही, जरा विश्रांती घ्या. पासवर्ड सांगता? बदलून ठेवू. जबाबदारी आमच्यावर.”

खातं मंडळ्यांचं होतं, तिचं नव्हतं. तिने सांगितला. त्यांनी नवा घातला, पडदा तिच्याकडून किंचित वळवून.

पाळकांचं बिस्किट एव्हाना चहात तुटून पडलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, तोंडात टाकलं, बोटं चाटली आणि त्याच तोंडाने म्हणाले, “चला, प्रार्थना करून उठू या.”

तिने मान खाली घातली. डोळे मात्र मिटेनात. आमच्या दुर्बळ बहिणीला तुझ्या प्रेमळ बाहूंत घे, असं पाळक म्हणत होते, आणि तिला त्यांचे ओठ दिसत होते, धडधाकट, ओले, कडेला कणी चिकटलेले. सेक्रेटरींचा गळा घोटाबरोबर वर-खाली होत होता. किती सहज गिळत होते दोघं. बाईंची पट्टी बदलताना ट्रेमध्ये जे पडलं होतं, ते तिला याच्यापुढे स्वच्छ वाटलं. प्रार्थना संपली. आमेन तिच्या तोंडातून आलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

घरी आल्यावर तिने स्वयंपाक केला, वाढला आणि स्वतःचं ताट पालथं ठेवलं.

“काय यजमानबाई, उपास?”

“जात नाही रे.”

नवऱ्याने हातातला घास ठेवला. मग तिने सांगितलं. वाईट शब्द काढायचा नाही हा नेम होता, म्हणून कुणालाही काही न म्हणता, कोण काय बोललं तेवढंच, ओळीने. सांगून झाल्यावर त्यानेही ताट सरकवलं.

“ग्रुपवर टाक हे,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. जसंच्या तसं.”

“ग्रुपवर बाईंची सून आहे. बाई वाचतील.”

“वाचू देत की.”

“काय वाचतील? तुमच्या तोंडाने आम्हाला ओकारी येते, हे? ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांनी लिहिलेलं?”

तो डोकं खाजवत राहिला. “म्हणजे त्यांची थाप तू सांभाळणार.”

हे तिला लागलं. ती उठली, ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. “थाप नाही सांभाळायची. त्यांना आत न्यायचंय, एवढंच.”

“आणि किल्ली तर देऊन बसलीस.”

“किल्ली खात्याची दिली,” ती म्हणाली. “चर्चचं दार उघडंच असतं.”

तो तिच्याकडे बघू लागला. तिने त्याचा फोन उचलला, त्यावरून आपल्या फोनला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याला बाहेरच्या खोलीत पिटाळलं. आपला फोन तिने टेबलाच्या कडेला, चहाच्या डब्याला टेकवून ठेवला, तोंड ओट्याकडे करून. मग स्वतः त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसली.

“काय दिसतंय तुला?”

“शेगडी,” फोनमधून नवरा म्हणाला.

“मी दिसते?”

“शेगडीच्या नशिबाने, नाही.”

ती जिथे बसली होती तिथून तिला फोनची फक्त पाठ दिसत होती. ती उठून शेगडीपाशी गेली आणि वळली. तिथून फोनच्या काचेत नवरा दिसला, भुवया उंचावलेला, चांगला तळहाताएवढा.

“आता?”

“आता तू दिसतेस, शेगडीसकट.”

तिने कॉल बंद केला. नवरा आत आला तेव्हा ती खुर्चीत टेकली होती, आणि बोलायच्या आधीच त्याला कळलं होतं. “पहिला बाक,” तो म्हणाला. “फोनचं तोंड प्रभुभोजनाच्या मेजाकडे.”

“बाईंना मेज दिसेल. भाकर मोडताना दिसेल. मागे बसलेल्यांना फोनची पाठ. मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यालाही पाठच. कुणाचा नाश्ता बाहेर यायला नको.”

“आणि पाळक?”

“त्यांना बाई दिसतील.”

“त्याला चक्कर येते म्हणालीस.”

“हो.”

“आणि त्याने तोंड फिरवलं, तर ते बाईंना समोरासमोर दिसेल. तेव्हा काय करशील?”

याचं उत्तर तिने गुरुवारी काचा घासताना शोधलं, शुक्रवारी शोधलं. एक काच तर तिने चुकीच्या नंबरची घासून ठेवली, आजवर असं झालं नव्हतं. पाळकांना आधी सांगावं असंही मनात आलं. पण सांगितलं तर ते सेक्रेटरींना सांगतील आणि पहिल्या बाकावर आधीच कुणीतरी बसवून ठेवलेलं असेल. आणि बाईंना सांगावं, की बाई, नकोच? तिने डोळ्यांसमोर ते पाहिलं. इस्त्रीचे कपडे, दोरी बांधलेला चष्मा, समोर फिरतं वर्तुळ, आणि घड्याळाकडे बघून बाईंचं मान लववणं. आता भाकर. आता प्याला.

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने डेपोतून येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. बसच्या जुन्या वायपरचा दांडा होता. खाली जड लोखंडी पट्टी जोडलेली, वर रबर लावलेला चिमटा.

“बाकाच्या पुढच्या फळीवर बसव,” तो म्हणाला. “हलणार नाही. घाटात चालणाऱ्या गाडीचा आहे.”

“ऑइलचा वास येतोय.”

“येऊ दे. बरा वास आहे.”

तिने तो साबणाने दोनदा धुतला आणि खिडकीत वाळत ठेवला.

रविवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. अंघोळ करून प्रार्थनेला बसली. रोजची नावं घेतली, बाईंचं घेतलं, सुनेचं घेतलं. मग पाळकांचं घेतलं. त्यांच्या पोटाला आणि डोळ्यांना बळ दे, एवढंच म्हणाली, आणि ते तिने मनापासून मागितलं. सेक्रेटरींचं नाव घ्यायला तिला फार वेळ लागला. शेवटी नुसतं नाव घेतलं, पुढे काही मागणं झालं नाही. किळस जशीच्या तशी होती. प्रार्थनेने ती गेली नव्हती, आणि तिच्यासाठी थांबून राहण्यातही अर्थ नव्हता. ती पाणी प्यायली.

फोन वाजला. सून होती.

“ताई, आई तयार आहेत. केव्हाच्या. पट्टी घट्ट बांधलीय आज, वरून पांढरा रुमालही लावलाय. त्यांनीच सांगितलं लावायला.” मागून बाईंचा ओला, मोडका आवाज आला. “विचारतायत, लिंक कुठली दाबायची?”

“लिंक नाही म्हणावं आज. मी बाकावर बसले की कॉल करते. नुसता उचलायचा.”

“आणि व्हरांडा?”

“आज व्हरांडा नाही.”

सुनेने ते बाईंना सांगितलं. मग सून म्हणाली, “चष्मा पुसून मागतायत,” आणि फोन ठेवला.

लिंकताईने चार्जिंग पाहिलं, पूर्ण होतं. दांडा कोरड्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला. दारात नवरा तिच्या चपला पुढे करून उभा होता. आज त्याने काही थट्टा केली नाही.

“तूही येतोस?”

“येतो मागून. मागे लॅपटॉपच्या टेबलाशेजारी बसतो. सेक्रेटरीसाहेबांना उठून पुढे यावंसं वाटलं, तर मला फर्निचरच्या भावांची चौकशी करायची आहे, बरीच लांबलचक.”

तिने चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि घंटा व्हायच्या आत पहिला बाक गाठायला निघाली.